नोंदवहीतील एकशे नऊ बरे झालेले

प्रति,
मा. वैद्यकीय अधीक्षक,
श्रीरंगधाम धर्मादाय क्षयरोग रुग्णालय,
नागपूर.

अर्जदार : मधुसूदन बापूजी पांढरीपांडे, नोंदणी कारकून.

विषय : रुग्णालयाच्या त्रैमासिकातील लेख मागे घेणे, त्यातील अर्जदाराचे आभार रद्द करणे व एक तातडीची बाब (परिच्छेद ९ पाहावा).

संदर्भ : १) त्रैमासिक, एप्रिल ते जून १९७४ चा अंक, पिवळ्या पुडीवरील लेख.
२) अर्जदाराची संपादकांस तीन पत्रे.
३) संपादकांची तीन उत्तरे (मजकूर एकच).

महोदय,

१. आपण गेल्या आठवड्यातच रुजू झाला आहात, म्हणून हकीकत मुळापासून सादर करीत आहे. अर्जदार या रुग्णालयात एकोणीस वर्षे नोंदवही लिहितो. नोंदवहीत रुग्णाचे शेवटी काय झाले ते लिहिण्यास दोनच रकाने आहेत : 'बरा' आणि 'मयत'. एकतीस मार्चला वही बंद करावी लागते आणि कोणाचेही नाव कोरे ठेवता येत नाही. जो रुग्ण पुन्हा आलाच नाही त्याचे काय करावे, असे अर्जदाराने नवीन असताना तेव्हाचे मुख्य कारकून कै. आनंदराव यांना विचारले होते. "दुखणं असतं तं आला नसता का गा? नाही आला म्हणजे बरा झाला," असे त्यांनी सांगितले. तेव्हापासून अर्जदार न आलेल्यांस 'बरा' लिहीत आला आहे. अक्षर चांगले असल्याने कोणी कधी शंका घेतली नाही.

२. गेल्या वर्षी मुख्य फिजिशियन डॉ. मार्तंड केळझरकर यांनी एकशे अठरा रुग्णांना इंजेक्शनांऐवजी पिवळी पूड दिली. ही पूड हिंगण्याकडील एका कारखान्यात तयार होते. वर्षअखेर डॉक्टरसाहेबांनी नोंदवही मागवून रकाने मोजले. मयत नऊ, बरे एकशे नऊ. साहेबांनी आकडे मनचे लिहिले नाहीत, हे अर्जदार शपथेवर सांगेल. ते वहीत तसेच होते. मनचे अर्जदाराने लिहिले होते.

३. लेख छापण्यापूर्वी दोन तज्ज्ञांनी तो तपासावा, असा त्रैमासिकाचा नियम मुखपृष्ठाच्या आत छापलेला आहे. या लेखाचे एक तज्ज्ञ संपादक स्वतः होते. दुसरे त्यांचे जावई, ज्यांचे नाव लेखावर तिसरे आहे. संपादक आणि लेखाचे पहिले लेखक डॉ. केळझरकर हेच आहेत. घरचेच वऱ्हाडी आणि घरचेच वाजंत्री असल्याने लेख चार दिवसांत मंजूर झाला. मलपृष्ठावर पुडीच्या कारखान्याची पानभर जाहिरात आहे. लेखाच्या शेवटी "नोंदी काटेकोर ठेवल्याबद्दल श्री. पांढरीपांडे यांचे आभार" असे वाक्य आहे. अर्जदाराच्या पत्नी सौ. यमुताई यांनी ते पान काचेत बसवून बैठकीत लावले होते. अर्जदारालाही बरे वाटले होते, हे लपविण्यात अर्थ नाही.

४. ऑगस्टमध्ये मौद्याकडील श्री. चंपतराव लांजेवार वहीतील क्रमांक ४१ चा दाखला मागण्यास आले. क्रमांक ४१ म्हणजे पूड घेणाऱ्यांपैकी त्यांच्या पत्नी पंचफुला, नोंद 'बरा'. चंपतरावांना दाखला मृत्यूचा हवा होता. त्या गेल्या दिवाळीतच वारल्या होत्या. अर्जदाराने त्यांना वही दाखविली आणि न येणारा बरा असतो हा कार्यालयाचा नियम समजावून सांगितला. त्यावर ते म्हणाले, "बरी झाली असती तं सांगाले आली असती ना गा. आमच्या इकडे बरा झालेला माणूस डाक्टरकडे रिकाम्या हातानं येत नाही."

५. हे खरे आहे, आणि ते अर्जदारास सर्वांआधी कळावयास हवे होते. पूड घेतलेल्यांपैकी चौदा जण बरे झाल्याचे सांगण्यास आले होते. कोणी संत्री आणली, कोणी तुरीच्या शेंगा, एकाने पायलीभर तांदूळ. नोंदणी विभागास दरवेळी वाटा मिळाला. अर्जदाराने चौदा वेळा वाटा घेतला आणि बरे मात्र एकशे नऊ लिहिले. याची त्यास लाज वाटते.

६. उरलेल्या पंच्याण्णव जणांपैकी सव्वीस जणांची गावे अर्जदाराने अर्जित रजेत एस.टी.ने व सायकलने गाठली. अकरा मयत. सात दुसरीकडे इंजेक्शने घेत आहेत. पाच घरीच खोकत पडून आहेत. दोघांचा पत्ता नाही. एक जण ठणठणीत आढळला, परंतु त्याने पूड घेतलीच नव्हती. बाकीच्यांकडे जाण्याइतकी रजा शिल्लक नाही.

७. अर्जदाराने हे सर्व संपादकांस लेखी कळविले. संपादकांनी पत्र नियमाप्रमाणे लेखकांच्या अभिप्रायासाठी पाठविले. संपादकांच्या टेबलावरून लेखकांच्या टेबलावर पत्र जाण्यास अठरा दिवस लागले. टेबल एकच आहे. पत्र डाव्या ट्रेमधून उजव्या ट्रेमध्ये गेले. लेखकांनी संपादकांस कळविले की आकडे वहीशी जुळतात. संपादकांनी लेखकांचे आभार मानले आणि खात्रीसाठी, आकडे वहीशी जुळतात असा दाखला नोंदणी विभागाकडून मागविला. नोंदणी विभागात अर्जदार एकटाच आहे. आकडे वहीशी जुळतच असल्याने त्याला दाखला द्यावा लागला. अशा रीतीने अर्जदाराची तक्रार अर्जदाराच्याच सहीने निकालात निघाली. दुसऱ्या व तिसऱ्या पत्राची वाट हीच झाली. तिसऱ्या खेपेस, त्रैमासिकात फक्त डॉक्टरांची पत्रे छापली जातात, असे शिपायाकरवी तोंडी कळविण्यात आले.

८. सबब विनंती की, लेख चुकीचा असल्याचे पुढील अंकात पहिल्या पानावर, मूळ लेखाच्याच टायपात छापावे. संपादक स्वतः ज्या लेखाचा लेखक असेल त्या लेखाचा निर्णय दुसऱ्या कोणी करावा. अर्जदाराचे आभार काढून घ्यावेत. आणि खोट्या नोंदीबद्दल त्याच्यावर नियमाप्रमाणे कारवाई व्हावी. कारवाई झाली तर निदान नोंदी खोट्या होत्या हे तरी कागदावर येईल. काचेतील पान सौ. यमुताईंनी स्वतःच उतरविले आहे. वहीत अर्जदाराने तांबड्या शाईने 'आले नाहीत' असा तिसरा रकाना विनापरवानगी आखला असून पंच्याण्णव नावे त्यात घेतली आहेत. त्याबद्दलही जी शिक्षा असेल ती एकत्रच द्यावी.

९. तातडीची बाब. चंपतरावांच्या धाकट्या भावाची पत्नी सुभद्रा, वय बावीस, हिलाही हाच आजार आहे. पाच महिने गावाकडच्या दवाखान्यात इंजेक्शने घेऊन ती सुधारत होती. तेथील डॉक्टरांनी त्रैमासिक वाचले, इंजेक्शने बंद केली आणि पूड सुरू केली. आता थुंकीतून पुन्हा रक्त पडते. रविवारी चंपतरावांनी अर्जदारास घरी येऊन विचारले, "पूड देऊ का नको, तेवढंच सांगा. कागद तं तुमचाच हाय." कारकुनाने औषधाबाबत सल्ला देऊ नये, हा नियम अर्जदारास पाठ आहे. अर्जदाराने "नका देऊ" असे सांगितले. इतके सरळ वाक्य त्याने एकोणीस वर्षांत या रुग्णालयाच्या कामी उच्चारले नव्हते.

आज पहिल्या गाडीने सुभद्रा आली असून आपल्या खोलीबाहेरील बाकावर बसली आहे. तिने पदरात सहा संत्री आणली आहेत. ती अर्जदाराने घेतली नाहीत. बरी झाल्यावर घेऊन ये, असे सांगितले आहे. वहीत तिचे नाव लिहिले आहे आणि पुढचे तिन्ही रकाने कोरे आहेत. येथील सर्व डॉक्टरांनी सदर अंक वाचलेला आहे. आपल्या टेबलावरील अंकाच्या गठ्ठ्याची सुतळी अद्याप सुटलेली नाही, हे अर्जदाराने काल टपाल ठेवताना पाहिले. तरी ती तशीच राहू द्यावी, आणि प्रथम बाहेर येऊन तिला तपासावे, ही विनंती. अर्जाचा उरलेला भाग नंतर वाचला तरी चालेल.

आपला नम्र, व नोंदीपुरता दोषी,

(सही)
म. बा. पांढरीपांडे
नागपूर, दि. ३ डिसेंबर १९७४

सोबत :
१) नोंदवहीची खरी नक्कल, तांबड्या रकान्यासह.
२) सव्वीस गावांच्या भेटींची यादी.
३) पत्रे तीन, उत्तरे तीन, अर्जदाराने स्वतःविरुद्ध दिलेले दाखले तीन.
४) संत्री : जोडलेली नाहीत. रुग्णाकडेच आहेत.