जोडलेले : आठपैकी एक

२७ एप्रिल २०२५, चिखली

आज दुपारच्या एस.टी.ने अकोल्याहून येथे पोहोचलो. पत्नी चांगुणेच्या निधनाला वर्ष झाले; तेव्हापासून चिरंजीव नागसेन आणि सूनबाई मंजुश्री यांनी धरलेला आग्रह अखेर मोडवेना. बाजार समितीमागच्या गल्लीतील त्यांचे हे नवे घर लहान, पण हवेशीर आहे. माझ्या पाली ग्रंथांसाठी नागसेनाने काचेचे कपाट रिकामे करून ठेवले होते. चित्त प्रसन्न झाले. नळाला आठ दिवसांनी पाणी येते, एवढीच उणीव. म्हणून दारामागे निळे पिंप आणि स्वयंपाकघरात दोन माठ.

नागसेन बँकेत, मंजुश्री दवाखान्यात परिचारिका. दिवसभर घरात मी आणि नऊ वर्षांची नात महामाया. सायकलवरून पडल्याने तिचा पाय प्लास्टरमध्ये आहे. तिला सांभाळणे हेच आता माझे कार्य.

२९ एप्रिल

मायेजवळ हातात मावणारा एक गेम-कन्सोल आहे. त्यात ती गाव वसवते, घर बांधते, भोवती भिंत घालते. इंटरनेट असेल तर दूरदूरचे खेळगडी त्या गावात पाहुणे म्हणून येतात. परंतु घरातील वायफायचे यंत्र विजेच्या झटक्याने जळाले असून नेटची तार थेट लॅपटॉपात खोचलेली आहे. त्या लॅपटॉपवरून हॉटस्पॉट सुरू करून कन्सोलला बिनतारी जोडणी कशी द्यावी, हे मायेने मला शिकवले. पासवर्डापाशी मी दोनदा चुकलो. त्यावर तिचा सवाल आला, ‘आबा, तुमी तं पोरायले शिकवत होते ना? मंग तुमाले कोनं पास केलं?’ मी मनसोक्त हसलो.

जोडणी झाली. लॅपटॉपच्या पडद्यावर अक्षरे उमटली : जोडलेली उपकरणे, आठपैकी एक.

आपल्याजवळचे विभागून दुसऱ्यास देणे, हे दानच. आमच्या घरची रीत अशी की, दान देताना वस्तूवर हात ठेवून, हे माझ्या दिवंगत आप्तांना पोहोचो, असा संकल्प करावा. आयुष्यभराच्या सवयीने मी तो तीनदा उच्चारला. मायेने कन्सोल घट्ट धरला होता. तिच्या हातांवर माझे हात होते. खेळ सुरू होताच ती आनंदाने किंचाळली.

२ मे

पडद्यावर आज आठपैकी चार. कन्सोल एकच आहे. उरलेल्या तिघांना नाव नाही, केवळ आकडे. शेजाऱ्यांपैकी कोणी जोडले असेल, असे नागसेनाने सांगितले आणि पासवर्ड बदलून दिला. तासाभराने पाच झाले.

सकाळी भरलेला माठ दुपारी कोरडा होता. झिरपला असावा.

५ मे

आठपैकी आठ.

मायेने मला तिचे गाव दाखवले. तिच्या घराच्या भिंतीबाहेर सात आकृती उभ्या होत्या. ती वैतागून म्हणाली, ‘आबा, हे सात जनं अंदरच नाही येऊन राह्यले. नुसतं पानी मांगतात.’

मी आप्त मोजले. आई, वडील, दोन बंधू, बहीण, आत्या, चांगुणा. सात.

मृतांना तिकडे काही पिकवता येत नाही, इकडून कोणी दिले तरच त्यांना मिळते, म्हणून ते उंबऱ्याशी ताटकळतात, असे मी वर्गात शिकवीत असे. परंतु रूपक म्हणून. विवेकी मनुष्याने ते रूपक म्हणूनच वाचावे.

७ मे

दुपारी दोन वाजता शेजारच्या सुगराबी कुंपणावरून हाक मारून थट्टेने म्हणाल्या, ‘काय गुरुजी, घरात लगन हाये का? इतके पाव्हने उन्हात काऊन उभे केले? अंदर तरी घ्या!’

मी बाहेर गेलो. कोणीही नव्हते. पिंपाभोवतीची माती ओली होती, पिंप रिकामे.

आत आलो तो मायेने विचारले, मास्तर कोण? खेळातल्या भिंतीबाहेरची एक बाई सारखे तेच लिहिते : मास्तर, घोटभर द्या.

चांगुणा मला एकांतातच मास्तर म्हणे. शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्री तिने घोटभर पाणी मागितले होते. डॉक्टरांची मनाई होती. मी दिले नाही. ती शुद्धीवर आलीच नाही.

९ मे

हॉटस्पॉट बंद केला. नेटची तार उपटली. कन्सोल बंद करून कपाटात कुलपात ठेवला. लॅपटॉपच्या पडद्यावर अजूनही आठपैकी आठ. यंत्रातला दोष, असे नागसेन म्हणतो.

माया सारखी पाणी मागते. तांब्यामागून तांब्या पिते, तरी ओठ भेगाळलेले.

१० मे

मंजुश्रीने सलाईन लावले. बाटली पाहता पाहता रिती. दुसरी, तीही. मायेच्या हातावरची कातडी चिमटीत धरली की तशीच उभी राहते. मंजुश्री रडते आहे. ऊन लागले, म्हणते.

लॅपटॉपवरच्या यादीतील सात ओळी त्यांच्या. पहिली ओळ कन्सोलची, असे मी समजत होतो. पण कन्सोल तर बंद आहे. मग पहिली ओळ—

माझे हात कन्सोलवर नव्हतेच. तिच्या हातांवर होते. मी दान दिले ते—

१२ मे, वैशाख पौर्णिमा, दुपार

नागसेन जीप आणायला गेला. मंजुश्री औषधे आणायला. माया पलंगावर, डोळे मिटलेले.

दिलेले परत मागता येत नाही. बदल्यात दुसरे देता येईल. मी आहे. म्हातारा, पण आहे. चांगुणेचे देणे माझ्याकडेच.

माठाच्या तळाचे पाणी वाटीत ओतले. डावा तळवा स्वतःच्या छातीवर ठेवला. डोळे मिटून संकल्प म्हटला. हे माझ्या आप्तांना पोहोचो. एकदा. दोनदा—

मध्येच पलंग करकरला. थांबलो नाही. तीनदा पूर्ण केला.

डोळे उघडले. तळवा अजून छातीवर. उजव्या हाताने लिहितो. लॅपटॉपवर सात ओळी तशाच. पहिलीही तशीच, बदलली कशी नाही—

माया शेजारी उभी आहे, प्लास्टरच्या पायावर. कधी उठली? हसते आहे. छाती दुखते का, आबा, असे विचारते. म्हणून चोळायला तिने हात—

तिचा हात. माझ्या तळव्याखाली. गार, कोरडा. केव्हापासून—

माया, काढ— हात काढ, बाळ—

दार कोणी उघडले