बाजू न लिहिलेलं हाड

३ फेब्रुवारी, मंगळवार

आधी तक्रार. गावाहून, सांडोरहून, केळीचा घड मी मांडीवर घेऊन आले, रिक्षात एक केळं चेपू दिलं नाही, आणि या ज्ञानदाने तो सबंध फ्रिजमध्ये कोंबला. संध्याकाळपर्यंत साली काळ्या. माझ्या मुलीची मुलगी ही, बागेत खेळून मोठी झाली, आणि केळं फ्रिजमध्ये घालते.

असो. पोचले. घर चांगलं आहे. नायगावचा टॉवर, चौदावा मजला, खिडकीतून खाडी दिसते आणि वारा असा की कपडे तासात वाळतात. ज्ञानदाची सुट्टी संपली, घरी बसूनच काम करते, पण नऊ महिन्यांची उन्नती कोण बघणार, म्हणून मला आणलं. नातजावई कौस्तुभ कामासाठी पुण्याला आहे, पंधरा तारखेला उगवेल. पोरगी गुटगुटीत आहे. मला बघून रडली नाही, म्हणजे अक्कल आहे.

ही वही ज्ञानदाने दिली. उन्नतीने कधी काय खाल्लं ते लिहायचं. मी म्हटलं, मी चौथी शिकलेली. ती म्हणाली, आजी, आमच्या कामात लिहिलं नाही ते झालंच नाही. बरं आहे. मग मी केळीसुद्धा लिहिणार.

५ फेब्रुवारी, गुरुवार

उन्नतीने पेज खाल्ली, अर्धी माझ्या लुगड्याला चारली. तिला खेळ शिकवला. पंखा कुठाय म्हटलं की हात वर करते, दिवा कुठाय म्हटलं की भिंतीकडे बोट दाखवते. दोन दिवसांत शिकली. आईवर गेलेली नाही.

ज्ञानदाचं काम आज समजून घेतलं. अमेरिकेत कुणाचं हाड मोडलं की तिथला डॉक्टर कागद लिहितो, तो हिच्या कॉम्प्युटरवर येतो आणि ही त्याला कोड देते. सध्या तिच्या वाट्याला गळ्याखालचं आडवं हाड आलंय, कॉलरबोन. कुठे मोडलं, सरकलं की जागेवर आहे, डावं की उजवं, प्रत्येकाला वेगळा आकडा. शेवटी एक अक्षर. नुकतं मोडलं, उपचार चालू आहेत, तर ए. भरून येतंय तर डी. भरून आलं पण मागे खोड राहिली तर एस.

मी पदर सरकवून तिला माझी गाठ दाखवली. अकरा वर्षांची असताना विहिरीच्या काठावरून पडले होते, डावं हाड. मावशीने दोन्ही खांदे मागे ओढून जुन्या लुगड्याच्या पट्टीने बांधले, एकवीस दिवस. ज्ञानदा म्हणाली, आजी, तू एस. साठ वर्षांनी मला अक्षर मिळालं.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

भांडण झालं. संध्याकाळी तिच्याकडे एक कागद आला. बाई, कॉलरबोन मोडलेलं, नुकतंच. कुठल्या बाजूचं ते डॉक्टरने लिहिलंच नाही. नियम असा की कोड देणाऱ्याने अंदाज करायचा नाही. डॉक्टरला प्रश्न पाठवायचा, उत्तर त्यानेच द्यायचं. हे मला तिनेच सांगितलं. पण प्रश्न पाठवला की फाईल अडकून बसते, आणि तिला दिवसाच्या साठ फाईली पुऱ्या करायच्या होत्या. बाजू सांगितलेली नाही, यालाही म्हणे एक आकडा आहे, नऊ. तिने नऊ टाकला, पुढे ए टाकला, फाईल ढकलली.

मी म्हटलं, हाड मोडलं तर कुठल्यातरी एका बाजूलाच मोडतं. तू त्या बाईला अधांतरी ठेवलीस. ती हसली, म्हणाली, चल जेवू.

९ फेब्रुवारी, सोमवार

समोरच्या जोआनाच्या गळ्यात पट्टा. उजवं कॉलरबोन. पडली नाही, आपटली नाही. तिचं म्हणणं असं की काल चर्चमधून, मिस्साहून येऊन कुलूप उघडत होती, तर जिन्यात एक बाई उभी, हात छातीशी धरून. विचारते, माझं कुठलं मोडलंय, डावं की उजवं? जोआनाला दया आली. नीट बघून म्हणाली, उजवं दिसतंय. त्या क्षणी हिच्याच अंगात कडकन आवाज झाला. बाईने आपला खांदा चाचपला, हे नाही म्हणाली आणि जिना उतरून गेली.

मी जोआनाला हळद घातलेलं दूध दिलं आणि घरी येऊन ज्ञानदाला विचारलं, ती फाईल कुठाय. तिने कॉम्प्युटर माझ्याकडे वळवला. सकाळीच परत आली होती. तोच नऊ, तोच ए. सिस्टीमचा घोळ असेल म्हणाली.

१० फेब्रुवारी, मंगळवार

वॉचमन रामू. डावं. भर दुपारी, गेटवर, खुर्चीत बसल्या जागी. त्यालाही तेच विचारलं, त्यानेही उत्तर दिलं. बाई म्हणाली, हेही नाही.

फाईल परत आली.

ज्ञानदा आता हसत नाही. मी तिला सांगितलं, अंदाज चालत नाही हा तुमचाच नियम, तो त्या बाईलाही लागू आहे. कुणीही काहीही सांगितलं तरी तिला पटणार नाही, आणि सांगणारा मात्र मोडणार. डॉक्टरला प्रश्न पाठव. तर म्हणते, गेलेली फाईल उघडली की चूक माझ्या नावावर लागेल. मी म्हटलं, लागू दे, तुझीच आहे.

पाठवला नाही.

११ फेब्रुवारी, बुधवार

दुपारी दोनला बेल वाजली. उन्नती माझ्या कडेवर. दार मी उघडलं.

साधी बाई. पाठीमागे नाड्या असलेला दवाखान्याचा झगा, अनवाणी पाय. गळ्याखाली कातडीत हाडाचं टोक वर आलेलं. मी बघत असताना ते डावीकडून उजवीकडे गेलं, पांघरुणाखालून उंदीर जावा तसं. मग परत डावीकडे. तिने विचारलं, मराठीतच. अमेरिकेच्या बाईला मराठी कसं येतं ते मला विचारू नका, मी चौथी शिकलेली.

मी म्हटलं, "बाय, मी तुझ्या हाडाचा फोटो बघितलेला नाही. ज्याने बघितला त्याला विचार."

ती माझ्याकडे बघतच नव्हती. उन्नतीकडे बघत होती. हळूच म्हणाली, हाड कुठाय? आणि उन्नती हसली, हात उचलायला लागली. मी तो हात मुठीत धरला आणि लाथेने दार लावलं.

लिहिते, कारण ते झालं.

तो खेळ मीच शिकवला.

१२ फेब्रुवारी, सकाळ

ज्ञानदाने प्रश्न पाठवला. मी मागे उभी होते, पाठवेपर्यंत हलले नाही. चूक तिच्या नावावर लागली. मेली नाही त्याने. आता डॉक्टर लिहील, नऊ जाईल, बाईला तिची बाजू मिळेल. पण तिकडे आता रात्र आहे. वाट बघायची.

ज्ञानदा सांडोरला पळू म्हणाली. मी म्हटलं, अमेरिकेहून नायगावला आली ती. सांडोर किती लांब आहे तिला?

उन्नतीला दुपट्यात आवळून गुंडाळली, दोन्ही हात आत, मावशीने मला बांधलं होतं तशी. नऊ महिन्यांचं पोर बांधून घेत नाही. रडते. रडू दे.

१२ फेब्रुवारी, दुपार

बेल वाजली नाही. दाराची कडी लावलेली आहे. ती घरात आहे.

खिडकीशी उभी राहून विचारते. ज्ञानदा रडत तोंड उघडणार होती, मी तिच्या तोंडावर हात दाबला. आतल्या खोलीत ढकलली, बाहेरून कडी लावली. कॉम्प्युटर तिथेच आहे. काम कर म्हटलं.

पोर माझ्याजवळ. जोआनाने समोरून हाक मारली. येऊ नको म्हटलं.

१३ फेब्रुवारी

उत्तर नाही. ज्ञानदाने दाराआडून सांगितलं, डॉक्टर रजेवर — पुन्हा पाठव म्हटलं.

मनात आलं, माझं डावं सांगून टाकावं. एकदा मोडलेलंच आहे. पण नाही. ती 'हे नाही' म्हणेल आणि पुढच्याकडे वळेल. पुढची उन्नती. आणि माझं हाड मावशीने बसवलंय. ते मी कुणा परक्या बाईच्या घोळात देणार नाही.

दुपार. लादीवर बसली आहे, माझ्यासमोर, गुडघ्याला गुडघा. टोक हलतंय — डावं — उजवं —

मला विचारणं सोडलं तिने. उन्नतीला विचारते. माझ्या आवाजात. पंखा कुठाय — दिवा कुठाय —

पोर हसते आहे

दुपट्याची गाठ — एका हाताने धरली, एका हाताने लिहिते — एक बोट बाहेर आलंय

हाड कुठाय म्हणते —

ज्ञानदा, ही वही वाचशील तेव्हा ऐक. दर तासाला पाठव. रजेवर असेल तर घरून उठव. पोरीने उत्तर द्यायचं नाही, तू नाही, मी नाही. ज्याने फोटो बघितला त्यानेच द्याय