मोठ्या आकड्याचा कॅमेरा

२ मार्च

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्यासाठी कॅमेरा घेतला. दुकानदाराने दोन पुढ्यात ठेवले, एक अठ्ठेचाळीस मेगापिक्सेलचा, एक वीसचा. मेगापिक्सेल काय असतं ते मला कळत नाही, पण अठ्ठेचाळीस आणि वीस कळतात. जन्मभर शिलाईचा दोरा नंबर बघून घेतला, कधी फसले नाही. मोठाच उचलला. गल्लीभर सांगूनही झालं. शेजारणीचं तोंड एवढंसं झालं.

मामा तिकडे येतोय, त्याच्याबरोबर पाठवते. वेळेवर जेवत जा. वाळून चालली आहेस, जीभ तेवढी आहे तशीच आहे.

तुझी,
आज्जी

६ मार्च

ती. आज्जीस,
सा. न. वि. वि.

रागावू नकोस, पण तो कॅमेरा बदलून घे. मला नाटकाच्या तालमींचे फोटो काढायचेत. रंगमंचावर उजेड जेमतेम, आणि फ्लॅश मारलेला दिग्दर्शकांना खपत नाही. एका तालमीचे फोटो बघून ते मला कामावर ठेवायचं की नाही ते ठरवणार आहेत. मला दुसरी संधी नाही.

मेगापिक्सेल म्हणजे फोटोत किती ठिपके, एवढंच. उजेड पडतो तो आतल्या सेन्सरवर. तुझ्या अठ्ठेचाळीसवाल्याचा सेन्सर करंगळीच्या नखाहून लहान. एवढ्याशा जागेत इतके ठिपके कोंबले की एकेकाच्या वाट्याला उजेड येणार कितीसा? अंधारात फोटो रवाळ येतो. वीसवाल्याचा सेन्सर टपालाच्या तिकिटाएवढा आहे, हे मी दुकानात फोन करून विचारलं. भिंतीवर लावायच्या फोटोलाही वीस पुरतात.

गल्लीला काय सांगायचं ते तू बघ. तुला कोण बोलणार आहे!

तुझी,
भिंगरी

१० मार्च

चि. भिंगरीस,
आशीर्वाद. शहाणपणा कळला.

तुझ्या शब्दावर मी काही बदलत नव्हते. दुकानात गेले, मागच्या कोठीत खोक्यांवर बसले आणि त्याला म्हटलं, दिवा घालव, दार किलकिलं ठेव, दोन्हींनी माझा फोटो काढ, फ्लॅश नको. तो म्हणाला, आजी, अंधारात कोण फोटो काढतं? मी म्हटलं, आमच्या घरात काढतात.

मग दोन्ही फोटो मोठे करून बघितले. अठ्ठेचाळीसवाल्यात तोंडावर वाळू फेकल्यासारखी, आणि मला नसलेली मिशी आली. वीसवाल्यात हनुवटीवरचा असलेला केस आला. वीसवाला घेतला.

शेजारीण म्हणते, कमी आकड्याचा घेऊन म्हातारी फसली. म्हणू दे. तिला मी कोठीत बसवणार नाही.

मामाकडे दिलाय. पाडलास तर तोंड दाखवू नकोस.

आज्जी

२४ मार्च

ती. आज्जीस,
सा. न. वि. वि.

नाटकात पहिल्याच प्रवेशात बाप मरतो आणि पुढचा अंकभर मागच्या अंधारात पडून राहतो. प्रेक्षकांना नुसता आकार दिसतो. मी तिकडचेही फोटो काढले. दिग्दर्शकांनी पडद्यावर लावले, तर बापाचे डोळे टक्क उघडे, एका हातात शेंगदाण्यांची पुडी, गाल फुगलेला. पोटावर पडलेली सालंसुद्धा मोजून घ्यावीत!

सगळे हसले. नट भडकला. म्हणाला, ही पोरगी राहील नाहीतर मी. त्याच्या नावावर तिकिटं खपतात, म्हणजे जाणार मीच. दिग्दर्शकांनी फोटो आणखी मोठा केला. मग म्हणाले, मेलेल्याचं मत मी विचारत नाही, पोरगी उद्यापासून येईल.

नट अजून बोलत नाही. पुडी मात्र बंद झाली. तब्येतीला जप, माया असू दे.

तुझी,
भिंगरी

२९ मार्च

चि. भिंगरीस,
आशीर्वाद.

काम मिळालं, बरं झालं. आता लोकांना हसवायला तो फोटो पुन्हापुन्हा काढून दाखवू नकोस. त्या नटाशी नीट वाग. अंकभर न हलता पडून राहायचं म्हणजे भूक लागणारच. तोही पोटासाठीच मरतो.

आज्जी