भिंतीच्या अलीकडं हात वर

३ नोव्हेंबर, सोमवार
कमलनं आज ओढतच नेलं. "सिस्टर, रिटायर झाली म्हणजे काय मुरंब्यासारखी बरणीत बसतं का?" शाळेमागचं ग्राउंड. गावातले सगळे रिटायर बाप्ये, आता बायाही घेतल्या. शेटजी पुढं उभे. दुकान पोरायनं सांभाळलं, तवापासून हे लोकायचे हातपाय हालवतात. "गुडघे दुखत असन त्यानं खुर्चीवर करा, पण घरी कोणी बसाचं नाई." बरं वाटलं.
मंग पाहते तं पह्यल्या रांगेत मो. बा.! माह्या पोराचे, सुमेधचे मोठे बाबा; त्याच्या बाबाचे थोरले भाऊ, माह्ये सख्खे भासरे. लग्न होऊन आली तवापासून त्यायच्यापुढं डोक्यावरचा पदर हालला नाई, का तोंडातून शब्द निघाला नाई. अन् शेटजी म्हणून राह्यले, दोन्ही हात वर! पदर धरू का हात वर करू? एकच हात केला. मो. बा. नं मागं वळून पाह्यलं. लगेच मान फिरवली.

५ नोव्हेंबर
मो. बा. कालही नाई, आजही नाई. शेटजी म्हणे, "असा कधी चुकत नाई हा माणूस." सगळ्यायनं माह्याकडं पाह्यलं. का मलेच तसं वाटलं?
जाऊबाई असत्या तं विचारलं असतं. सारं त्यायच्याच तोंडून चालायचं. त्याईले सांगा, नळ आला. तिले सांग, पेपर दे. मागच्या साली त्या गेल्या अन् दोन्ही घरं मुकी झाली. आता मो. बा. पुण्याले सुमेधले फोन लावतात, सुमेध मले लावते. मधात एक भिंत आहे, अन् नळाचा निरोप पुण्याहून येते.

७ नोव्हें.
सुमेधले म्हटलं, विचार बाप्पा, मोठे बाबा काहून येत नाई. सांजच्याले उत्तर आलं: "तिले म्हण, जात जाय."
बस. एवढंच. आता हे रागानं का मायेनं?
"आवाज कसा होता रे त्याईचा?"
"नेहमीसारखा. आई, तुमी दोघं सरळ काहून बोलत नाई?"
मोठा शहाणा! तुह्ये बाबा असते तं त्याईले विचारलं असतंस.
पण खरंच, काहून? सारी नोकरी बाप्यायले सुया टोचण्यात गेली, कधी लाजली नाई. मो. बा. तापानं फणफणले तवा मात्र त्यायचं इंजेक्शन कंपाउंडरले देऊ दिलं. मी दाराआड उभी.

१० नोव्हें.
गेली नाई आज. ठरवलं, आपणच सोडाचं. मले कमल आहे, फोन आहे. त्याईले काय आहे? जाऊबाई गेल्यापासून तो सकाळचा एक घंटाच होता. कमलले सांगितलं, गुडघा दुखते. "खोटं नको बोलू. गुडघ्यासाठी खुर्ची आहे तिथं."
कान देऊन बसली, आता त्यायच्या फाटकाची कडी वाजन. वाजलीच नाई.
म्हणजे मीही घरी, तेही घरी. अशी रिकामी डोकेफोड! चहात साखर दोनदा टाकली अन् तसाच पेली.

१२ नोव्हें.
सकाळी अंगण झाडून राह्यली होती. भिंतीपलीकडून आवाज. "एक... दोन... तीन..." शेटजीचाच व्यायाम. एकटेच. इतक्या हळू बोलणारा माणूस, अन् आकडे असे मोठ्यानं! ऐकू कमी येते म्हणून? का मले ऐकू यावं म्हणून? छे, काहीतरीच.
झाडू ठेवला. त्यायच्या आकड्यावर केला सारा व्यायाम. दोन्ही हात वर. पदर पडला, पडू दिला. पाहाले होतं कोण?

१३ नोव्हें.
आजही. माह्या खांद्यात कळ आली, मी थांबली. तिकडचा आकडाही थांबला. मी परत सुरू केलं, तिकडंही सुरू. योगायोग असन.
का बांगड्या ऐकू येतात?

१५ नोव्हें.
शेटजी अन् कमल घरी आले. "बाया मागच्या रांगेत उभ्या करू, पण दोघंही या." मले काय विचारता, त्याईले विचारा म्हटलं. शेटजी तिकडं गेले. मी भिंतीशी. कमल हसून राह्यली, तिले गप केलं.
मो. बा. चा आवाज: "शेटजी, मी असलो का ती एकाच हातानं करते. एका हाताचा काय व्यायाम? खांदा दुखते तिचा, आमची सांगे. तिलेच येऊ द्या."
म्हणजे राग नव्हता. मंग मी इतके दिवस काय समजत होती? कमल म्हणे, रडते काहून? मले काय माहीत काहून. खूप रडली. आता मी गेली तं ते एकटे, ते आले तं माह्या पदराचं काय? डोकं चालत नाई.

१७ नोव्हेंबर, सोमवार
थंडी लय. तरी अंगणात आली. तिकडं सुरू झालं. पाच... सहा... सात...
अन् थांबले. मी तशीच, हात वर. वाट पाह्यली. खोकला नाई, चप्पल नाई, काही नाई. पडले की काय? आता हाक मारू तं काय म्हणून मारू? आजवर काहीच म्हटलं नाई त्याईले. सुमेधले फोन लावू? पुण्याहून तो काय भिंतीवरून डोकावणार?
अन् तोंडातून निघालंच. "आठ!"
केवढ्यांदा म्हटलं! माह्याच आवाजानं मी दचकली. पदर खांद्यावर, तोही घेतला नाई.
पलीकडं खुर्ची सरकली. मंग बारीक आवाज आला. "नऊ."
आता दहा कोणी म्हणाचं? ते म्हणत नव्हते. मीही थांबली. हात वरच होते.