आबा, ते रंग खरे होते

तीर्थरूप आबा,

काल तुमचा दहावा झाला. पिंडाला कावळा शिवला नाही, म्हणून हे पत्र लिहायला बसले आहे.

मी शाळेत विज्ञान शिकवते. कावळ्याचा आणि गेलेल्या माणसाच्या इच्छेचा काही संबंध नसतो, हे मीच पोरांना वर्गात सांगते. तरी काल इंद्रायणीच्या घाटावर मीही त्या कावळ्याची वाट बघत होते. तुमच्या पाठच्या भावानं, तात्यांनी, हात जोडले. "आबा, जमिनीला कुनी हात लावनार न्हाई." कावळा झाडावरच. आई म्हणाली, "माजी काळजी करू नगा." तो ढिम्म हलेना. मग तात्या माझ्याकडं वळले. "सुमे, तुज्यापाशी काय ऱ्हायलंय का त्यांचं? बोल की."

राहिलं होतं. काय ते मला तिथल्या तिथं कळलं. पण सगळा गाव उभा होता, आमचे हेडमास्तरही होते. मी पुटपुटले, "आईला मी बघेन." शेवटी दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववला आणि मंडळी घरी वळली.

आठवतंय ना आबा, बंगल्यावरची तुमची राखणदारी? मळवलीच्या त्या बंगल्याचे साहेब विज्ञानाच्या मासिकांचे गठ्ठे रद्दीत काढायचे आणि तुम्ही ते डोक्यावर घेऊन घरी यायचात. चौथी शिकलेला माणूस, ओळीवर बोट ठेवून वाचायचा. 'तेजोमेघ' हा शब्द मला पुस्तकाच्या आधी तुमच्याकडून कळला. देवांच्या तसबिरींशेजारी ताऱ्यांमधल्या तांबड्या-निळ्या ढगांची चित्रं डकवलेलं घर गावात आपलं एकच. आई म्हणायची, "माज्या चुलीचा धूर कमी पडला, म्हनून ह्ये ढग लावल्यात."

त्या चित्रांमागच्या माणसांचं तुम्हाला फार कौतुक. दुर्बिणीचा आरसा घासताना हात सोडता येत नसे, म्हणून एकाला त्याची बहीण घास भरवायची, ही गोष्ट तुम्ही भात लावताना सांगितलीत. आई चिखलातून म्हणाली, "म्हंजी त्यो जेवला. ती कवा जेवली?" तुम्ही हसत पुढचं रोप लावलंत.

आणि ती ऐकू न येणारी बाई. बाई म्हणून तिला दुर्बिणीपाशी बसू देत नव्हते. ती फोटोच्या काचेवर उमटलेले ताऱ्यांचे ठिपके पाहत बसायची, आणि त्यातूनच तारे किती लांब आहेत ते मोजायची वाट तिनं काढली. "जिवंतपनी कुनी तिला मानलंच न्हाई गं," म्हणायचात. मला विज्ञानाला घालायचा हट्टही तुमचाच होता. तात्या नको म्हणत होते, तुम्ही कुणाचं ऐकलं नाहीत.

मग मी शिकले, आपल्याच गावच्या शाळेत बाई झाले, आणि तुम्हाला काय दिलं?

शाळेतलं ते विज्ञान प्रदर्शन. तुम्ही धुतलेलं धोतर नेसून, भिंतीवरचं सगळ्यात मोठं चित्र गुंडाळून घेऊन आलात. पोरं भोवती जमली. "ह्ये बगा, हितं तारं जल्माला येत्यात. ह्यो तांबडा, ह्यो निळा." हेडमास्तर दारात उभे होते. ते काय म्हणतील, या धास्तीनं मी सगळ्यांसमोर बोलले, "आबा, पोरांना काहीही सांगू नका. ते रंग खोटे असतात, संगणकावर भरतात." पोरं हसली. बरोबरचे आईबापही हसले.

तुम्ही चित्र गुंडाळलंत आणि म्हणालात, "आसंल बाई. तुमी शिकलेल्या."

तुम्ही मला कधी 'बाई' म्हटलं नव्हतंत आबा. 'तुमी' तर नाहीच. त्याच आठवड्यात भिंत रिकामी झाली. ओल लागू नये म्हणून ती चित्रं भाताच्या पोत्यांखाली अंथरलीत, हे आईनं मला परवा सांगितलं. इतकी वर्षं का बोलली नाही, असं तिला विचारायचं माझं तोंड नव्हतं.

आता ऐका. दोन वर्षांपूर्वी शिक्षकांच्या प्रशिक्षणात मला कळलं की चुकले होते मीच. तापलेल्या तव्याची धग डोळ्याला दिसत नाही, हाताला मात्र कळते. तसा डोळ्याला न दिसणारा उजेडही ताऱ्यांकडून येतो आणि दुर्बीण तो पकडते. मग आपल्याला दिसावं म्हणून त्यातल्या प्रत्येक जातीच्या उजेडाला एकेक रंग देतात, ठरलेल्या क्रमानं. रंग आपण देतो, पण उजेड तिथलाच असतो. ढगही तिथलाच. तारेही तिथंच जन्मतात. तुम्ही पोरांना खोटं काहीच सांगितलं नव्हतंत.

शाळेपासून तुमचं घर दहा मिनिटांवर. मी किती वेळा आले, चहा प्याले, उठले. चुकले म्हणायला जीभ रेटली नाही. इतकी कसली ऐट होती मला?

आणि तुम्ही तर वाट काढून दिली होतीत. गेल्या दिवाळीनंतर, मी माझ्या घरी परतायला तळेगावच्या लोकलसाठी चपला घालत होते. तुम्ही ओट्यावरून विचारलंत, "सुमे, ती नवी दुर्बीन वर आभाळात गेलीय म्हंत्यात. तिचं फोटू बी तसलंच का गं?" दोन मिनिटं थांबले असते तर काय बिघडलं असतं? मी म्हणाले, "हो आबा, तसलेच." आणि गेले. तसलेच म्हणजे खोटेच, असं तुम्ही समजलात. तेच समजून गेलात.

हे मला आता कुठं फेडता येणार? तुम्हाला ऐकू जाणार नाही, एवढं विज्ञान मला कळतं.

पण ज्यांच्यासमोर बोलले, ते सगळे आहेत. परवा तुमचं तेरावं. पानं मांडली की वाढप सुरू होण्याआधी मी उभी राहीन. हेडमास्तर असतील, तेव्हा हसलेले आईबाप असतील, त्यांची आता कामाला लागलेली पोरं असतील. आबांनी खरं तेच सांगितलं होतं, चूक माझी होती, असं मी मोठ्यानं सांगणार आहे. का ते तव्याचं उदाहरण देऊन समजावेन, आणि समजेपर्यंत कुणाच्या पानात भात पडू देणार नाही. हा माझा शब्द.

कुणी हसलं तर हसू दे. ते हसणं माझ्याच वाट्याचं होतं आबा, त्या दिवशी मी ते तुमच्या पदरात टाकलं.

तुमची मुलगी,
सुमन