अण्णांच्या रायफलची पिन

२२ सप्टेंबर १९५६, शनिवार

अण्णांनी रायफल गुरुदत्तला दिली. मला नाही!

कारखान्याच्या टूलरूममध्ये मी त्याचा सीनियर. लेथ धरायला त्याला मी शिकवलं. आणि मी घरात बसलेला असताना माझेच वडील रायफल चादरीत गुंडाळून त्याच्या खोलीवर जातात. बोल्टमधली पिन झिजली म्हणे, चाप ओढला तरी काडतूस उडत नाही. नवी पिन करायची, एवढंच काम.

विचारलं, तर म्हणाले, तुला कारखान्याचं काम पुरे आहे. मग गुरुदत्त काय देवळात कीर्तन करतो? तोही त्याच कारखान्यात.

२५ सप्टेंबर

आज पुन्हा अण्णा त्याच्याकडे. माझी बायको कुंदा म्हणाली, त्यांच्या हसण्याचा आवाज जिन्यापर्यंत येत होता. माझ्याशी कधी हसले शेवटचे?

३० सप्टेंबर, रविवार

रायफल घरी आली. सोनिवलीहून शेतकरी सखाही आला होता. दरवर्षी भात तयार झालं की तो अण्णांना रानडुकरं मारायला बोलवायला येतो. म्हणाला, "अण्णा, औंदा डुकरांनी शेत उभं ठेवलं नाय." अण्णांनी पुढच्या रविवारी यायचं कबूल केलं. त्याच्यासमोर गुरुदत्तच्या हाताचं कौतुक चाललं होतं. मी चहा तसाच ठेवून उठलो.

१ ऑक्टोबर

अण्णा बाजारात गेले तेव्हा बोल्ट काढून पाहिला. पिन आखूड! टोक जेमतेम बाहेर येतं. काडतूस उडणं शक्यच नाही. हा अण्णांचा लाडका कारागीर!

सांगणार होतो. मग वाटलं, नको. चांगली पिन मीच करून गुपचूप बसवतो. डुक्कर पडलं की सगळ्यांसमोर सांगेन, कुणाच्या हातची ते.

५ ऑक्टोबर

केली. पाणी दिलं, घासली, बसवली. मापात तसूभर फरक नाही. इतकं मन लावून मी कित्येक दिवसांत काही केलं नव्हतं. गुरुदत्तची पिन गटारात टाकली.

७ ऑक्टोबर, रविवार

हात धुतले तरी अजून रक्ताचा वास येतोय.

दुपारी अण्णा सोनिवलीला गेले. मला राहवेना. गुरुदत्तच्या खोलीवर जाऊन म्हटलं, तुझी पिन आखूड होती, मी बदलली. तो ताडकन उठला. म्हणाला, "चिंतामणी, अण्णांनीच आखूड करायला सांगितली होती."

त्यानेच सांगितलं, अण्णांचा हात कापतो. गेल्या वर्षी गोळी एका माणसाच्या अंगावरून गेली होती. गावाला नाही म्हणवत नव्हतं, आणि मुलाला तो हात दिसू द्यायचा नव्हता. काडतूसच उडायचं नाही, म्हणजे दोष रायफलचा!

सायकल काढली. बदलापूर मागे टाकलं, सोनिवलीची शेतं दिसायला लागली आणि बार ऐकू आला.

सखा पलीकडून डुक्कर हाकत होता. त्याच्या दंडाचं मांस फाटलं होतं. हाड वाचलं. बांधावर अण्णा बसलेले, हात मांडीखाली दाबून. मी सखाचा दंड माझ्या धोतराच्या पट्टीने बांधला.

८ ऑक्टोबर

सखा दवाखान्यात आहे. हात राहील म्हणाले डॉक्टर.

अण्णा एकच वाक्य बोलतात: गुरुदत्तनं शब्द मोडला.

९ ऑक्टोबर

गुरुदत्त आला होता. तुम्ही सांगितलं तशीच केली होती, अण्णा, असं पुन्हा पुन्हा म्हणत राहिला. अण्णांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. मग तो माझ्याकडे बघत राहिला, मीच सांगेन म्हणून. मी त्याच्यासाठी दार उघडलं.

तो गेल्यावर अण्णांनी रायफल माझ्या हातात दिली. "परक्यावर भरवसा ठेवला. आता तूच सांभाळ."

मी घेतली.