आहात का?

प्रिय बारक्या,

पाकीट बघून दचकू नकोस, घरात सगळे धडधाकट आहेत. तू माझा फोन उचलत नाहीस, मेसेज वाचून गप्प बसतोस, आणि हे सगळं संगणकावर लिहायला माझं मन अजून धजत नाही. म्हणून कागद घेतला. आधीच सांगून टाकते, मध्यंतरी मी तुला चोर ठरवलं होतं. उगाच नाही, चांगला पुरावा गोळा करून. रागावायचं असेल तर खुशाल रागाव, पण पत्र अर्ध्यात फाडू नकोस.

माझं काम तुला माहीत आहे. डॉक्टरीणबाई बोलून पाठवतात, मी कानाला लावून ऐकते आणि रिपोर्ट टाइप करते. कुणाच्या पोटात गाठ, कुणाला मूल होणार नाही, कुणी नवऱ्याला न सांगता तपासून घेतलेलं. यातली एक ओळ जरी बाहेर फुटली तरी बाई मला त्याच दिवशी कामावरून काढतील, आणि मग बाबांच्या पेन्शनीत आम्ही दोघांनी काय करायचं ते तूच सांग. म्हणून मी डोळ्यात तेल घालून असते. जागेवरून उठताना सगळं बंद करते, पडद्यावर नुसता कोरा निळा रंग. तू त्या बंद पडलेल्या ऑफिसातून दोन जुळे संगणक मिळवून मित्राच्या हाती पाठवलेस ना, एक माझ्यासाठी आणि एक 'घरात पडून राहू दे' म्हणून, तेव्हापासून दोन्हींवर तोच निळा रंग आहे. मी चित्र लावलं नाही कारण मला आवडत नाही, बाबांनी लावलं नाही कारण त्यांना येत नाही. निदान मला तसं वाटायचं.

नेटच्या कंपनीने जुना राउटर बदलून नवा दिला, त्याच सुमाराची गोष्ट. जेवणं उरकून, भांडी घासून मी खोलीत आले तर माझ्या पडद्यावर एक कोरी खिडकी उघडलेली आणि तिच्यात दोनच शब्द, 'आहात का?' घरात मी आणि बाबा. बाबा जेवले की आपल्या खोलीचं दार ओढून घेतात, पत्ते खेळतात संगणकावर, असं ते सांगतात. मी खिडकी बंद केली आणि स्वतःचीच समजूत घातली की मीच काहीतरी दाबलं असेल. पण मनात पाल चुकचुकली ती चुकचुकलीच. दोन दिवसांनी पुन्हा तेच, या वेळी माझ्या डोळ्यांदेखत. माझा हात माउसवर नाही आणि बाण आपला आपण चालतोय. सावकाश, घरातलंच कुणीतरी चालावं तसा. खिडकी उघडली, अक्षरं उमटली, 'आहात का?' मी भिंतीतून वायरच उपटली.

मग माझी संशयाची गिरणी सुरू झाली. आधी नेटवाल्यावर संशय घेतला. कारण साधं होतं. चोर 'आहात का' म्हणतोय, म्हणजे मला अहो-जाहो करतोय, आणि मला अहो-जाहो करणारा या घरात येणारा तो एकटाच. त्याला बोलावून घेतलं आणि त्याच्या मागे उभी राहून त्याच्या बोटांवर नजर ठेवली. बिचारा घामाघूम झाला. त्याने राउटरचं पान उघडून दाखवलं की बाहेरून आत यायला एक पोर्ट उघडा आहे. पोर्ट म्हणजे दारच म्हणे, त्याला नंबर असतो, आणि त्या दाराने आलेल्याला घरातल्या कुठल्या संगणकाकडे पाठवायचं तेही तिथेच लिहिलेलं असतं. त्याने ते जुन्या राउटरमधून जसंच्या तसं उतरवून घेतलं होतं. दार पाठवत होतं थेट माझ्या संगणकाकडे. हे कुणी केलं, असं त्याने मलाच विचारलं आणि मला तोंडात मारल्यासारखं झालं. मीच केलं होतं ते! तू फोनवर एकेक आकडा सांगितलास आणि मी भरत गेले. ताई, तुझं काही अडलं तर मी इथून बघेन, असं म्हणाला होतास. नेहमीचा नंबर नको, तो सगळ्या चोरांना पाठ असतो, असंही म्हणाला होतास. मला केवढं कौतुक वाटलं होतं तुझं.

त्या दिवशी कौतुकाचा पार चोथा झाला. तू कधी एकदाही माझं काही बघायला आला नव्हतास, मग आताच का? 'आहात का' हे मला फसवायला, मी नेटवाल्यावर घसरावं म्हणून, असंही मी जुळवून टाकलं. मी नेटवाल्याला म्हटलं, दार बंद करू नकोस, मला चोर रंगेहाथ पकडायचाय. आणि जेवणानंतर दबा धरून बसले. बाण हलला. 'आहात का?' उमटलं. मी बोटं आपटत लिहिलं, 'पुन्हा इकडे फिरकायचं नाही.' बाण तिथेच थांबला. बराच वेळ. मग पडद्यावरून गेला आणि परत आला नाही. मी जिंकल्यासारखी खुर्चीत मागे रेलले. त्यानंतर तू माझे फोन घेईनासा झालास, तेव्हा तर माझी खात्रीच पटली. चोरी पकडली गेली म्हणून तोंड लपवतोय.

गेल्या आठवड्यात बाबांचा चष्मा माझ्या टेबलावर राहिला होता, तो द्यायला त्यांच्या खोलीत गेले. जेवण नुकतंच झालं होतं. दार वाजवून उपयोग नाही, तुला माहीत आहे. आयुष्यभर कारखान्यात कंप्रेसरशेजारी उभे राहून त्यांचे कान गेलेत, फोनही त्यांच्या कामाचा नाही, मी सगळं पाटीवर लिहून दाखवते. ते पाठमोरे बसले होते, भांग पाडून, इस्त्रीचा शर्ट घालून. समोर पत्ते नव्हते. कोरी खिडकी होती. डोळे बारीक करून एका बोटाने अक्षर शोधत त्यांनी लिहिलं, 'आलास का?' वाट पाहिली. पुसलं. पुन्हा लिहिलं, 'आलास का?'

मी चष्मा तसाच हातात घेऊन मागे फिरले आणि स्वयंपाकघरात जाऊन बसले. बारक्या, तू मला जन्मात कधी 'आहात' म्हणाला आहेस का? या घरात तू अहो-जाहो करतोस ते एकाच माणसाला. एवढं साधं व्याकरण माझ्या डोक्यात आलं नाही. कारण माझ्या हिशेबी तुम्ही दोघं एकमेकांशी बोलतच नव्हता. त्यांनी लावून दिलेली कारखान्यातली नोकरी तू सोडलीस, त्यांनी तुला दाराबाहेर काढलं, याच्याशी मी बोलणार नाही म्हणाले. त्या दिवसापासून मी तुमची पोस्टमन. त्याला सांग, बाबांना सांग. आणि तुम्ही दोघं माझ्याच घरात, माझ्याच नाकाखाली, रोज एका पानावर गप्पा मारत होतात! बोलणार नाही म्हणाले होते, लिहिणार नाही असं कुठे म्हणाले होते, नाही का? मला आनंद झाला, खरंच झाला, पण त्याआधी फार वाईट वाटलं. मला वाटायचं, मी नसते तर तुम्ही तुटला असता.

नेटवाल्याला परत बोलावलं, या वेळी चहा पाजला. त्याने उलगडा केला. राउटर घरातल्या प्रत्येक यंत्राला नंबर वाटतो, जे आधी चालू होईल त्याला आधीचा. तू माझ्याकडून दार बांधून घेतलंस ते बाबांच्या नंबराला. नवा राउटर आला, सकाळी माझा संगणक आधी चालू झाला आणि त्यांचा नंबर मला मिळाला. संगणक जुळे, पासवर्ड एक, पडदा निळा. तुला तरी कसं कळणार? आता त्याने बाबांचा नंबर त्यांच्या संगणकाला कायमचा बांधून दिलाय, कुणीही आधी चालू झालं तरी तो हलणार नाही. दार तेच, त्याचा नंबर तोच. मी पाटीवर लिहिलं, नेट बिघडलं होतं, आता नीट झालं. मला काय करायचंय तुझ्या नेटशी, असं बाबा खोलीभर ओरडले आणि जेवायला लवकर वाढ म्हणाले.

तेव्हापासून ते रोज बसतात आणि तू येत नाहीस. का येत नाहीस ते या घरात फक्त मला कळतं, म्हणून हे पत्र. 'पुन्हा इकडे फिरकायचं नाही' हे बाबांनी तुला घालवताना म्हटलेलं वाक्य आहे, अक्षर न् अक्षर तेच. ते या वेळी त्यांनी लिहिलेलं नाही रे, मी लिहिलं. त्यांचीच मुलगी आहे, चिडले की त्यांचंच तोंड येतं मला. तुला वाटतंय त्यांनी दुसऱ्यांदा हाकललं, त्यांना वाटतंय तू कंटाळलास, आणि दोघंही मला विचारणार नाही आहात, कारण मला काही माहीतच नाही ना. नसूच दे. फोन करू नकोस, माफी मागू नकोस, नुसता जेवणानंतर ये. लगेच उत्तर आलं नाही तर निघून जाऊ नकोस, त्यांना अक्षरं शोधायला वेळ लागतो.

तुझीच संशयी,
ताई